शेजाऱ्याचा कुत्रा चावला. उपचाराचा खर्च कोणाकडून आणि कसा मिळवायचा?

पोलिसांत तक्रार केली म्हणजे भरपाई मिळतेच असे नाही. मालकावरचा फौजदारी गुन्हा आणि जखमीला मिळणारे पैसे या दोन वेगळ्या वाटा आहेत. पहिल्या दोन-तीन दिवसांत जमवलेले कागद दोन्हीकडे उपयोगी पडतात.

मुंबईतील वरळी. फेब्रुवारी २०१८. एका इमारतीतील रहिवासी दीड वर्षाच्या मुलाला घेऊन लिफ्टमधून खाली येत होता. मधल्या मजल्यावर लिफ्ट थांबली, तेव्हा दारात शेजारी त्याच्या हस्की कुत्र्यासह उभा होता. मुलगा कुत्र्याला घाबरतो, थोडे थांबा, अशी विनंती वडिलांनी केली. ती न ऐकता कुत्रा आत आणला गेला आणि तो वडिलांच्या हाताला चावला.

या प्रकरणाचा निकाल मे २०२५ मध्ये लागला. न्यायदंडाधिकारी न्यायालयाने कुत्र्याच्या मालकाला चार महिन्यांचा कारावास आणि ४,००० रुपये दंड सुनावला. म्हणजे निकालाला सात वर्षे लागली.

त्याआधी जानेवारी २०२३ मध्ये गिरगावच्या न्यायालयाने रॉटवायलर जातीच्या कुत्र्याच्या मालकाला तीन महिन्यांची शिक्षा दिली होती. नेपियन सी रोडवरची ती घटना २०१० ची, जखमी व्यक्ती सत्तरीच्या पुढची. तिथे निकालाला जवळपास १३ वर्षे गेली.

दोन्ही निकालांतून एक गोष्ट स्पष्ट होते. पाळीव कुत्रा चावला तर मालक तुरुंगात जाऊ शकतो. पण जखमीचा दवाखान्याचा खर्च, बुडालेला रोज आणि सोसलेला त्रास यांचा हिशेब या वाटेने आपोआप होत नाही. तो वेगळा मागावा लागतो.

सर्वात आधी काय करावे?

भांडण नंतर. आधी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने किमान १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट, तेल असे काहीही लावू नये. त्यानंतर थेट रुग्णालय गाठावे. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रुग्ण वाचण्याची शक्यता जवळपास नसते, म्हणून ‘दोन दिवस बघू’ हा विचार धोक्याचा आहे.

‘आमच्या कुत्र्याला लस दिलेली आहे, काही होत नाही,’ असे मालक सांगतो. तसे असेलही, पण लस घ्यायची की नाही हे डॉक्टर ठरवतील. स्नायूत दिल्या जाणाऱ्या लसीचे डोस साधारणपणे पहिल्या, म्हणजे ‘शून्य’ दिवशी आणि त्यानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी असतात. रक्त आले असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनचे इंजेक्शनही लागते. सरकारी व पालिका रुग्णालयांत रेबीजची लस मोफत मिळते.

चावणारा कुत्रा पाळीव असण्याचा एक फायदा असतो. त्याच्यावर दहा दिवस लक्ष ठेवता येते. या काळात तो ठणठणीत राहिला तर पुढील डोसबाबत डॉक्टर निर्णय घेऊ शकतात. त्यामुळे मालकाने कुत्रा गावी पाठवून देणे किंवा लपवणे हे जखमीच्या दृष्टीनेही वाईट.

रुग्णालयात कोणती काळजी घ्यावी?

भरपाईचा पाया केसपेपरवर रचला जातो. कुत्रा चावला, कोणाचा चावला, किती वाजता आणि कुठे, हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. केसपेपरवर नुसते ‘श्वानदंश’ एवढेच लिहिले गेले, तर पुढे मालक ‘तो आमचा कुत्रा नव्हताच, रस्त्यावरचा असेल’ म्हणायला मोकळा. जखम मोठी असेल तर मेडिको-लीगल केस, म्हणजे एमएलसी नोंदवण्याची विनंती करावी.

याबरोबर आणखी काही गोष्टी त्याच दिवशी कराव्यात:

• जखमेचे फोटो. पट्टी बांधण्याआधीचे आणि नंतर दर काही दिवसांनी काढलेले.
• फाटलेले, रक्त लागलेले कपडे धुऊ नयेत, पिशवीत ठेवावेत.
• सोसायटीच्या सीसीटीव्हीचे चित्रण मागणारा अर्ज सचिवांना लगेच द्यावा आणि प्रतीवर पोच घ्यावी. बहुतेक यंत्रणांत जुन्या चित्रणावर काही दिवसांत नवे चित्रण चढते.
• वॉचमन, लिफ्टमधील शेजारी, दूधवाला असे कोणी पाहिले असेल तर नाव व फोन नंबर लिहून ठेवावा.
• औषधांची बिले, रिक्षाचे भाडे, कामावरील रजेची नोंद एका फाईलमध्ये ठेवावी.
• घटनेनंतर मालकाने पाठवलेला ‘सॉरी, खर्च आम्ही देऊ’ असा मेसेज डिलीट करू नये.

मोबाइलमधील चित्रण किंवा सीसीटीव्हीची प्रत न्यायालयात द्यायची झाली, तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र जोडावे लागते. त्यामुळे मूळ फाईल जपून ठेवावी. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरत आलेल्या क्लिपवर अवलंबून राहू नये.

पोलिसांकडे कोणते कलम लागू होते?

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. त्यातील कलम २९१ प्राण्याबाबतच्या निष्काळजीपणाचे आहे. आपल्या ताब्यातील प्राण्यापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा संभाव्य धोका असताना, तो टाळण्यासाठी पुरेशी काळजी जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणाने न घेतल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. जुन्या कायद्यात हे कलम २८९ होते आणि दंडाची मर्यादा १,००० रुपये होती.

कलमातील ‘ताब्यातील’ हा शब्द महत्त्वाचा. परवाना कोणाच्या नावावर आहे एवढ्यावर प्रश्न संपत नाही. त्या वेळी साखळी कोणाच्या हातात होती, हेही पाहिले जाते.

निष्काळजीपणामुळे दुखापत झाली असेल तर कलम १२५ सुद्धा लागू शकते. साध्या दुखापतीसाठी सहा महिन्यांपर्यंत, तर गंभीर दुखापतीसाठी तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद त्यात आहे. हाड मोडणे, चेहरा कायमचा विद्रूप होणे, १५ दिवस तीव्र वेदना असणे किंवा तेवढे दिवस रोजचे व्यवहार करता न येणे, हे गंभीर दुखापतीत मोडते. डॉक्टरांनी विश्रांतीचे दिवस लिहून दिलेल्या प्रमाणपत्राला म्हणूनच किंमत आहे.

कलम २९१ चा गुन्हा दखलपात्र आणि जामीनपात्र आहे. दखलपात्र असल्यामुळे पोलिसांनी एफआयआर नोंदवणे अपेक्षित असते. प्रत्यक्षात ‘शेजारी-शेजारी आहात, मिटवून घ्या’ असे सांगून एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंदीवर बोळवण होते. तसे झाल्यास तक्रार लेखी पोलीस अधीक्षकांकडे, शहरात पोलीस उपायुक्तांकडे पाठवता येते. त्यानंतरही दाद न मिळाल्यास न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. तक्रार ऑनलाइन पाठवण्याचीही सोय कायद्यात आहे. मात्र तीन दिवसांत तिच्यावर सही करावी लागते.

वेळेचे भान ठेवावे. सहा महिन्यांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल न्यायालयाने एका वर्षाच्या आत घ्यावी, अशी मुदत कायद्यात आहे.

फौजदारी न्यायालय भरपाई देऊ शकते का?

होय, पण ते न्यायालयाच्या विवेकावर आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९५ नुसार दोषी ठरलेल्याकडून वसूल केलेल्या दंडातून जखमीला रक्कम देता येते. शिक्षेत दंड नसेल तर न्यायालय वेगळी भरपाई द्यायलाही सांगू शकते. म्हणून सरकारी वकिलांमार्फत भरपाईची मागणी आणि खर्चाची बिले सुनावणीदरम्यानच न्यायालयासमोर आणावीत. निकाल लागल्यावर आठवण करून उपयोग नाही.

मात्र आरोपी सुटला तर या कलमाखाली काहीच मिळत नाही. फौजदारी खटल्यात गुन्हा निःसंशय सिद्ध व्हावा लागतो. दिवाणी दाव्यात तेवढा कडक पुरावा लागत नाही. कोणाचे म्हणणे अधिक संभाव्य वाटते, यावर निर्णय होतो.

दिवाणी दावा म्हणजे नेमके काय?

ही भरपाईची मुख्य वाट आहे. दुसऱ्याच्या निष्काळजीपणामुळे झालेले नुकसान भरून मागण्याचा हक्क दिवाणी कायद्यात आहे. कुत्र्याच्या बाबतीत जखमीला साधारणपणे दोनपैकी एक गोष्ट दाखवावी लागते. एक, कुत्रा अंगावर धावतो किंवा चावतो हे मालकाला माहीत होते. दोन, ते माहीत नसले तरी साधी काळजी घेतली गेली नव्हती. उदाहरणार्थ, कुत्रा साखळीविना जिन्यात सोडला होता किंवा फाटक उघडे होते.

पहिल्या मुद्द्यासाठी जुन्या तक्रारी कामी येतात. सहा महिन्यांपूर्वी याच कुत्र्याने इस्त्रीवाल्याचा पाय धरला होता आणि सोसायटीच्या सभेत त्यावर चर्चा झाली होती, तर त्या इतिवृत्ताची प्रत मागून घ्यावी. दारावरची ‘कुत्र्यापासून सावध राहा’ ही पाटी मालकाची ढाल ठरेलच असे नाही. कुत्रा धोकादायक आहे हे त्याला ठाऊक होते, असा उलटा युक्तिवादही त्यातून करता येतो.

कुत्र्याच्या जातीवर फार भर देऊ नये. ‘हिंस्र’ म्हटल्या गेलेल्या २३ जातींबाबत केंद्राने मार्च २०२४ मध्ये राज्यांना पत्र पाठवले होते; ते पुढे कर्नाटक आणि दिल्ली उच्च न्यायालयांत टिकले नाही. जात कोणतीही असो, मालकाने काळजी घेतली होती का, हाच प्रश्न उरतो.

प्रत्यक्ष चावा बसलाच पाहिजे असेही नाही. जानेवारी २०२३ मध्ये हैदराबादेत पार्सल द्यायला गेलेल्या तरुणावर ग्राहकाच्या घरातील कुत्रा धावून आला. पळताना तो तिसऱ्या मजल्यावरून पडला आणि पुढे त्याचा मृत्यू झाला. कुत्र्याच्या भीतीने पळताना पडून झालेली दुखापतही मालकाच्या निष्काळजीपणाशी जोडता येते.

असा दावा घटनेपासून साधारणपणे तीन वर्षांत दाखल करावा. जखमी व्यक्ती अल्पवयीन असेल तर पालक तिच्या वतीने दावा करू शकतात. ते राहून गेले, तरी सज्ञान झाल्यावर तिला स्वतः दावा करण्यासाठी मुदत मिळते.

किती रक्कम मागता येते?

दिवाणी दाव्यासाठी ठरलेले दरपत्रक नाही. रक्कम दोन भागांत मांडली जाते. पहिला भाग बिलांनी सिद्ध होणारा, दुसरा वेदना, मानसिक धक्का, व्रण, अपंगत्व यांचा.

उदाहरण घेऊ. चार घरची धुणीभांडी करून महिन्याला १२,००० रुपये मिळवणाऱ्या महिलेच्या पोटरीला शेजारच्या कुत्र्याने चावा घेतला आणि २० दिवस काम बुडाले. दिवसाला ४०० रुपये धरले तर बुडालेली कमाई ८,००० रुपये. औषधे व ड्रेसिंगचे ९,५०० रुपये, रिक्षाचे १,२०० रुपये आणि पुढील उपचारांचे अंदाजे ३,००० रुपये. पहिल्या भागाची बेरीज २१,७०० रुपये होते. वेदना आणि व्रणांची रक्कम यावर वेगळी मागायची.

घरकाम करणाऱ्यांकडे पगाराची पावती नसते. अशा वेळी ज्या घरी काम केले जाते त्यांचे सहीचे पत्र किंवा बँक, यूपीआयच्या नोंदी चालतात.

सोशल मीडियावर ‘एका दाताला १०,००० रुपये’ असा मेसेज फिरतो. त्याचे मूळ पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २०२३ च्या निकालात आहे. दाताच्या प्रत्येक खुणेमागे किमान १०,००० रुपये आणि मांस निघाले असेल तर जखमेच्या प्रत्येक ०.२ सेंटिमीटरला किमान २०,००० रुपये, असे सूत्र तिथे दिले गेले. पण तो निकाल प्रामुख्याने मोकाट जनावरांमुळे होणाऱ्या घटना आणि सरकारची जबाबदारी यासंबंधी आहे. महाराष्ट्रातील शेजाऱ्यावरच्या दाव्यात तो दर जसाच्या तसा लागू होत नाही. युक्तिवादात आधार म्हणून दाखवता येईल इतकेच.

जखमीची स्वतःची चूक असेल तर रक्कम कमी होऊ शकते. बांधलेल्या कुत्र्याला दगड मारला, डिवचले किंवा नको सांगूनही आवारात शिरले, असे सिद्ध झाल्यास दावा कमकुवत होतो.

ग्राहक आयोगात जाता येईल का?

शेजारी हा सेवा विकणारा नाही, त्यामुळे त्याच्याविरुद्ध ग्राहक तक्रार सहसा बसत नाही. हरियाणातील गुरुग्राममध्ये ऑगस्ट २०२२ मध्ये एका घरकामगार महिलेवर पाळीव कुत्र्याने हल्ला केला. तिथल्या जिल्हा ग्राहक मंचाने नोव्हेंबर २०२२ मध्ये तिला २ लाख रुपये अंतरिम भरपाई देण्याचा आदेश दिला. पण तो आदेश महापालिकेला होता. ती रक्कम मालकाकडून वसूल करण्याची मुभा पालिकेला देण्यात आली. या एका उदाहरणावरून ग्राहक आयोगाची वाट सर्वांसाठी खुली आहे असे समजू नये.

सोसायटी काय करू शकते?

सोसायटी भरपाईचा निवाडा देऊ शकत नाही. कुत्रा पाळण्यावर सरसकट बंदीही घालू शकत नाही. तशी बंदी किंवा लिफ्ट वापरण्यास मनाई करू नये, असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. मात्र सामायिक जागेत कुत्रा साखळीला असावा, त्याने केलेली घाण मालकाने उचलावी, यासाठी आग्रह धरता येतो.

पालिकेकडेही तक्रार करावी. मुंबई, पुण्यात कुत्रा पाळण्यासाठी पालिकेचा परवाना आणि रेबीज लसीकरण आवश्यक आहे. परवाना नसणे म्हणजे निष्काळजीपणा आपोआप सिद्ध होणे नव्हे, पण मालकाची बाजू त्याने नक्कीच लंगडी पडते.

राग कुत्र्यावर काढणे टाळावे. प्राण्याला मारणे, विष घालणे किंवा अपंग करणे हा न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. तसे केल्यास तक्रारदारच आरोपी होतो.

कोर्टाची पायरी न चढता मिटवता येते का?

येते, आणि बऱ्याच प्रकरणांत तेच व्यवहार्य असते. पंचवीस-तीस हजारांच्या बिलासाठी वर्षानुवर्षे तारखा घेणे कोणालाच परवडत नाही. शिवाय निकाल काहीही लागो, दोघांचे दार समोरासमोरच असते.

पहिली पायरी लेखी मागणीपत्राची. घटना, तारीख, खर्चाचा तक्ता, बिलांच्या प्रती आणि उत्तरासाठी १५ दिवस, एवढे पुरते. ते स्पीड पोस्टाने किंवा सहीची पोच घेऊन द्यावे. उत्तर न आल्यास वकिलामार्फत नोटीस द्यावी. कुत्र्याचा विमा असेल तर त्यात तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीचे संरक्षण आहे का, हेही मालकाला विचारावे. काही पॉलिसींमध्ये ते असते.

दुसरी पायरी लोकअदालत. तालुका विधी सेवा समिती किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावापूर्व प्रकरण म्हणून अर्ज करता येतो. त्यासाठी कोर्ट फी लागत नाही. दोघांच्या संमतीने झालेल्या निवाड्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचा दर्जा असतो आणि त्यावर अपील नसते. पैसे बुडवले तर थेट वसुलीची कारवाई करता येते. तोंडी शब्दापेक्षा हे कितीतरी भक्कम आहे.

महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, अपंग व्यक्ती आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असणाऱ्यांना मोफत वकील मिळू शकतो. महिलांसाठी उत्पन्नाची अट नाही. त्यासाठी १५१०० हा हेल्पलाइन क्रमांक आहे.

तडजोड करताना केवळ आकडा लिहू नये. रक्कम कधी आणि कोणत्या खात्यात येणार, उरलेल्या इंजेक्शनचा खर्च कोण देणार, यापुढे कुत्रा बाहेर काढताना साखळी कोणाच्या हातात असेल, लिफ्टमध्ये लहान मूल असेल तर थांबायचे की नाही, हे सगळे लिहावे. दरम्यान एफआयआर झालेला असेल तर ‘केस मागे घेतो’ हे वचन देताना जपून राहावे. कलम २९१ चा गुन्हा केवळ तक्रारदाराच्या होकाराने मिटत नाही. तो रद्द करून घेण्यासाठी उच्च न्यायालयात जावे लागू शकते.

आपलाच कुत्रा कोणाला चावला असेल तर?

वाद न घालता जखमीला रुग्णालयात न्यावे. कुत्र्याच्या लसीकरणाची वही डॉक्टरांना दाखवावी आणि पहिले बिल स्वतः भरावे. कुत्र्याला दहा दिवस घरीच, नजरेसमोर ठेवावे. ‘तुम्हीच घाबरलात म्हणून चावला’ हे वाक्य टाळावे. अनेक तक्रारी चाव्यापेक्षा अशा उत्तरामुळे पोलीस ठाण्यात पोहोचतात.

थोडक्यात लक्षात ठेवा

• जखम १५ मिनिटे धुणे, लस आणि केसपेपरवर मालकाचा उल्लेख, हे त्याच दिवशी.
• सीसीटीव्हीसाठी लेखी अर्ज २४ तासांत.
• फौजदारी तक्रार लवकरात लवकर. न्यायालयाने दखल घेण्याची मुदत एक वर्ष.
• दिवाणी दावा साधारणपणे तीन वर्षांच्या आत.
• दोन्ही वाटा एकाच वेळी चालू शकतात. फौजदारी न्यायालयात मिळालेली भरपाई दिवाणी न्यायालय रक्कम ठरवताना विचारात घेते. तेच पैसे दोनदा मिळत नाहीत.
• तोंडी तडजोड नको. लोकअदालतीचा निवाडा किंवा किमान सहीचा कागद हवा.

वरळीच्या त्या लिफ्टमध्ये वडिलांनी फक्त थोडे थांबण्याची विनंती केली होती. शेजाऱ्याने ती ऐकली असती, तर सात वर्षांचा खटला उभाच राहिला नसता.